मुलांसोबत दिवाळीची शुभेच्छापत्रे : कागद, घडी आणि मोठ्यांच्या कामाची वेळ

तुमचा बेत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. कर्वेनगरच्या तुमच्या सोसायटीत पाच ते अकरा वर्षांची दहा-बारा मुले आहेत. सहामाही परीक्षा संपल्यावर दोन दुपारी त्यांच्याकडून दिवाळीची शुभेच्छापत्रे करून घ्यावीत आणि ती आजी-आजोबांना टपालाने पाठवावीत, असे तुमच्या मनात आहे. गेल्या वर्षी हाच उपक्रम केला तेव्हा कार्डे वाळल्यावर वाकडी झाली, घडीवर कागद तडकला, स्केचपेनची शाई पसरून मागच्या बाजूला उतरली आणि शेवटी मुले खाली खेळायला गेल्यावर आयांनीच रात्री बसून कार्डे पूर्ण केली. कागद कोणता घ्यावा, गोंद कोणता वापरावा आणि कागदही मुलांकडूनच बनवून घेता येईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

तिन्हींची उत्तरे देते. परंतु तुमच्या वर्णनावरून मला दिसणारी मुख्य अडचण या तिन्हींच्या पलीकडची आहे. मोठ्यांचे जे काम मुले येण्याआधी पूर्ण व्हायला हवे ते तेव्हा होत नाही, म्हणून ते मुले गेल्यावर करावे लागते. कागद चुकीच्या दिशेने कापलेला असेल, घडीची रेघ पाडलेली नसेल, गोंदाची बाटली थेट मुलांच्या हाती असेल, तर सात वर्षांच्या मुलाने कितीही मन लावून केले तरी कार्ड वाकडे होणारच. आणि मग ‘दे इकडे, मी करून देते’ असे म्हणून कोणीतरी ते त्याच्या हातातून काढून घेते. मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेताना आणि पुस्तकबांधणीचे काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा जाणवत आले आहे की, ज्याला आपण मुलांचा अनाडीपणा समजतो, त्यातला मोठा भाग हा तयारी न केलेल्या कागदाचा दोष असतो.

काही गोष्टी अर्थातच तुमच्याकडील परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलांत पाच-सहा वर्षांची अधिक आहेत की नऊ-दहा वर्षांची, काम गच्चीवर होणार की कोणाच्या दिवाणखान्यात, आणि त्या वर्षी परतीचा पाऊस किती रेंगाळतो, यांवर बरेच काही ठरते. हवा दमट असेल तर पुण्यात ओला कागद वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ऑक्टोबरचे कोरडे ऊन पडले असेल तर तोच कागद दिवसभरात वाळतो.

आता कागदाविषयी. दुकानात ‘कार्डशीट द्या’ एवढेच म्हटले तर हाती काय येईल याचा नेम नसतो. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील दुकानांत जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, सांगून कागद मागता येतो. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. मुलांच्या कार्डासाठी १८० ते २२० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद घ्यावा. त्याहून पातळ कागद गोंदाच्या ओलाव्याने लगेच गोळा होतो, आणि २५०च्या पुढचा कागद लहान बोटांना नीट दुमडता येत नाही. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि स्केचपेनची शाई बराच वेळ हाताला लागत राहते, म्हणून तो दिसायला कितीही आकर्षक असला तरी या कामासाठी घेऊ नये. घोटीव कागद आणि पतंगी कागद चिकटवण्यापुरते थोडे आणून ठेवावेत.

कागद आणल्यावर ज्या गोष्टीकडे घरगुती उपक्रमांत सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे कागदातील तंतूंची दिशा. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने पडलेले असतात. छापखान्यात याला कागदाचा ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घातलेली घडी सरळ आणि स्वच्छ बसते. ग्रेनला आडवी घातलेली घडी तंतू मोडत जाते, म्हणून ती खडबडीत दिसते, तडकते आणि कार्ड मिटून राहत नाही. शिवाय ओलावा लागला की तंतू लांबीने फारसा वाढत नाही, तो जाडीने फुगतो. त्यामुळे कागदही ग्रेनला आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने अधिक आकसतो. कार्डे तडकणे आणि कार्डे वाकणे या तुम्हाला दोन स्वतंत्र तक्रारी वाटल्या असतील, पण दोन्हींचा संबंध ग्रेनशी आहे.

ग्रेन ओळखणे सोपे आहे. कागद न मोडता दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहावा, आधी लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूच्या वाकाची रेषा ग्रेनला समांतर असते. तरीही खात्री पटली नाही तर कोपऱ्याचा छोटा चौकोन कापून, त्यावर दिशेची खूण करून, तो एका बाजूने ओला करावा. त्याची लगेच सुरळी होऊ लागते आणि ती सुरळी ज्या दिशेने लांबट दिसते, तीच ग्रेनची दिशा.

याचा कार्डाच्या आकाराशी थेट संबंध आहे. तयार कापून मिळणाऱ्या ए४ कागदात ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असतो (पाकीट उघडल्यावर एकदा तपासून घ्यावे). असा अख्खा ए४ मधोमध दुमडला, तर घडी नेमकी ग्रेनला आडवी येते आणि कागद तडकतो. त्याऐवजी ए४चे मधोमध कापून दोन तुकडे केले, तर १४८ बाय २१० मिलिमीटरच्या प्रत्येक तुकड्यात ग्रेन आखूड बाजूला समांतर होतो. हा तुकडा पुन्हा मधोमध दुमडला की घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने पडते आणि १०५ बाय १४८ मिलिमीटरचे, म्हणजे ए६ आकाराचे, सुबक कार्ड तयार होते. कागद निम्मा लागतो, आणि लहान मुलाला भरून काढायची जागाही आवाक्यातली राहते. मोठ्या कोऱ्या पानापुढे पाच वर्षांचे मूल बावरते; एवढ्याशा पानावर ते लगेच कामाला लागते.

घडीची रेघ मात्र मोठ्यांनी आदल्या दिवशी पाडून ठेवावी. स्टीलची पट्टी धरून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने किंवा विणकामाच्या सुईने, एकदाच दाबून रेघ ओढावी. कागद कापला जाणार नाही एवढाच दाब द्यावा. रेघेची खाच एका बाजूला दिसते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा हाताला लागतो. दुमडताना हा उंचवटा कार्डाच्या आत आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. पुष्कळ जण सवयीने उलट करतात, कारण कागद खाचेकडे मिटणेच स्वाभाविक वाटते. पण उंचवटा आत ठेवल्याने बाहेरच्या तंतूंवरचा ताण कमी होतो आणि घडी फाटत नाही.

रेघ मोठ्यांची असली तरी दुमडण्याचे काम मुलाचेच. माझ्या वर्गातील एका सहा वर्षांच्या मुलीला मी हे करताना अगदी जवळून पाहिले आहे. तिने कागद दुमडला, वरचे दोन कोपरे एकमेकांवर आणले, डाव्या हाताच्या चारही बोटांनी ते घट्ट धरून ठेवले आणि उजव्या अंगठ्याने घडीच्या मध्यापासून आधी एका टोकापर्यंत आणि मग परत मध्यावर येऊन दुसऱ्या टोकापर्यंत दाब देत गेली. मग कार्ड उघडून तिने घडीवरून बोट फिरवले आणि पुन्हा मिटले. तिला मी फक्त ‘आधी कोपरे, मग मधून बाहेर’ एवढेच सांगितले होते. रेघ पाडलेली असली की एवढे सांगणे पुरते. ती पाडलेली नसेल तर त्याच मुलीची घडी तिरपी गेली असती, ती उलगडून पुन्हा घातली गेली असती, आणि कार्डावर दोन घड्या दिसल्या असत्या.

सजावटीत वयानुसार फरक ठेवावा लागतो, पण मी तो शक्यतो साहित्यात ठेवते, वेगवेगळे गट पाडून ठेवत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना कात्रीऐवजी हाताने फाडलेला रंगीत कागद आणि ठसे द्यावेत. भेंडीचा आडवा काप ठशासाठी फारच चांगला. त्याची पाच पाकळ्यांची आकृती दिव्यांच्या आणि फुलांच्या चित्रांत सहज सामावते. मात्र भेंडी आदल्या दिवशी न कापता अर्धा तास आधी कापावी, फडक्याने टिपावी, आणि रंग ताटलीत ओतण्याऐवजी ओलसर स्पंजवर पसरून त्यावर ठसा टेकवावा. ताटलीतला रंग भेंडीच्या पोकळीत भरतो आणि कागदावर नुसता डाग पडतो.

आठ वर्षांपुढील मुलांना उघडताच उभे राहणारे चित्र फार आवडते, आणि त्याचा साधा प्रकार त्यांना पूर्णपणे स्वतः करता येतो. दुमडलेल्या कार्डाच्या घडीवरून आतल्या दिशेने, एकमेकांपासून दोन सेंटिमीटर अंतरावर, दोन समान लांबीचे काप द्यायचे आणि मधली पट्टी कार्डाच्या आत ढकलायची. कार्ड काटकोनात उघडले की आत एक छोटी पायरी उभी राहते. तिच्या पुढच्या बाजूवर पणतीचे किंवा आकाशकंदिलाचे कापलेले चित्र चिकटवायचे. गडबड होते ती मापात. कापाची लांबी कार्डाच्या पानाच्या खोलीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर मिटल्यावर पट्टी बाहेर डोकावते. चित्राची उंची आणि कापाची लांबी यांची बेरीजही पानाच्या खोलीहून कमी हवी. आपल्या ए६ कार्डात पान १०५ मिलिमीटर खोल आहे. तेव्हा काप तीन सेंटिमीटरचे आणि चित्र सहा सेंटिमीटरपर्यंतचे, हे माप निर्धास्त चालते. हे माप मुलांना आधीच सांगून टाकू नये. एक जास्त मोठे चित्र लावलेले नमुन्याचे कार्ड त्यांच्यापुढे मिटून दाखवावे आणि ते बाहेर का आले हे त्यांनाच शोधू द्यावे; नऊ-दहा वर्षांची मुले ते नियमासारखे मांडून सांगतात. पट्टीमुळे कार्डाच्या घडीत पोकळी राहते, म्हणून बाहेरून घोटीव कागदाचे आवरण लावायचे झाल्यास पट्टीच्या भागाला गोंद लावू नये.

गोंदाचे उत्तर छोटे आहे. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते. ते कागद एका बाजूने फुगवते आणि वाळताना त्याच बाजूला ओढते. गोंद तोच ठेवला तरी चालेल, पण बाटली मुलांना देऊ नये. बाटलीच्या झाकणात थोडा गोंद आणि सोबत जाड कागदाची बोटभर पट्टी द्यावी. पट्टीने गोंद ओढत पसरला की आपोआप पातळ थर बसतो. फाडलेले बारीक तुकडे चिकटवायला ग्लूस्टिक बरी. चिकटवून झालेले प्रत्येक कार्ड लगेच दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकांच्या दाबाखाली रात्रभर राहू द्यावे. दाबाखाली वाळलेला कागद सरळ राहतो. उघड्यावर वाळून वाकलेला कागद नंतर दाबून पूर्ण सरळ होत नाही. उभे राहणारे चित्र लावलेली कार्डेही मिटूनच दाबावीत, फक्त त्यांतला गोंद आधी पुरता सुकू द्यावा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कागद स्वतः बनवण्याचा. जरूर बनवावा, पण त्याच दुपारी नाही आणि शक्यतो अख्ख्या कार्डासाठी नाही. घरी रद्दीपासून केलेला कागद जाड-पातळ होतो, घडीवर दुबळा असतो आणि शाई पिऊन टाकतो. याला कारण आहे. रद्दीतील तंतू एकदा कागद होताना आणि पुन्हा लगदा होताना तुटून आखूड झालेले असतात, आणि कागदाची ताकद तंतूंच्या लांबीवर आणि ते एकमेकांत किती गुंतले आहेत यावर ठरते. हातकागदाच्या व्यवसायात सुती कापडाची कात्रणे वापरतात ती यासाठीच; कापसाचा तंतू लांब असतो. आपल्याकडे शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कसबा पेठेतील कागदीपुऱ्यात कागद बनवणाऱ्यांची वस्ती होती. हे जुने कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, कागदाला गव्हाच्या किंवा तांदळाच्या खळीचा हात देत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई पसरत नसे. घरच्या कागदालाही हेच लागू पडते. मैद्याची अगदी पातळ खळ शिजवून, गार करून, वाळलेल्या कागदावर मऊ ब्रशने एकदा फिरवावी आणि पुन्हा वाळल्यावर मुलांना कवडीने किंवा चमच्याच्या पाठीने कागद घोटायला द्यावा. मुले हे काम तासभर न कंटाळता करतात, आणि घोटलेल्या भागावर स्केचपेन न पसरता उमटते हे त्यांचे त्यांनाच दिसते.

म्हणून माझा सल्ला असा की, घडीचे कार्ड विकतच्या कागदाचे करावे आणि मुलाने बनवलेला कागद त्याच्या दर्शनी भागावर चिकटवावा. त्यासाठी भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये खिडकीची नायलॉनची जाळी ताणून बसवली की साचा तयार होतो. त्यातून गोल कागद निघतो. त्याच्या कडा सरळ करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तो गोल मग रांगोळी होतो किंवा पणतीमागचे तेज. आठ-नऊ सेंटिमीटर व्यासाची रिंग ए६ कार्डावर नेमकी बसते.

लगद्यासाठी एका बाजूने छापलेले साधे पांढरे कागद घ्यावेत. वर्तमानपत्राचा लगदा करडा होतो आणि चकचकीत मासिकांचा नीट होत नाही. कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे रात्रभर भिजत ठेवावेत. मिक्सर मोठ्यांनीच चालवावा आणि त्याचे भांडे स्वयंपाकाचे नसावे. भांड्यात मूठभर भिजलेले तुकडे, बाकी पाणी, आणि थोड्या थोड्या वेळाने थांबत फिरवणे, एवढे सांभाळले तर मोटार तापत नाही. किती कागद लागेल याचा अंदाजही वजनावरून येतो. ८० जीएसएमचा एक ए४ कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या एका लहान गोल कागदाला अर्धा ए४ पुरतो. फुटक्या-तुटक्यांसाठी दुप्पट धरावे.

मूल रिंग टबातल्या पातळ लगद्यात तिरकी बुडवते, आडवी करते आणि सरळ वर उचलते. त्या क्षणी तिला हलकेच डावी-उजवीकडे हलवायचे असते, म्हणजे तंतू सगळ्या दिशांनी गुंततात. हातकागदाला यंत्राच्या कागदासारखा ठळक ग्रेन नसतो तो यामुळेच. पाणी निथळल्यावर रिंग सुती कापडावर पालथी घालायची, जाळीवरून स्पंजने पाणी टिपत राहायचे आणि मग रिंग एका कडेने उचलायची. कागद कापडाला न चिकटता रिंगबरोबर वर आला तर पाणी पुरेसे टिपलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा पालथी घालावी. झेंडूच्या पाकळ्या घालायच्या असतील तर त्या पुस्तकात दाबून आधी वाळवाव्यात, ओल्या पाकळ्यांभोवती तपकिरी डाग पडतात. उरलेला लगदा कधीही सिंकमध्ये ओतू नये, पाइप हमखास तुंबतो. तो फडक्यातून गाळून, पिळून, गोळे करून वाळवावा; पुढच्या वेळी भिजवून वापरता येतो. ओला ठेवला तर दोन दिवसांत त्याला वास येतो.

हे सगळे धरून दोन दुपारींचा क्रम असा लावता येईल. पहिली दुपार दुसरीच्या किमान आठवडाभर आधी ठेवून तीत फक्त कागद बनवावा. मधल्या दिवसांत तो वाळतो, आणि मोठ्यांनी त्या काळात कार्डाचा कागद ग्रेन पाहून कापायचा, रेघा पाडायच्या, पाकिटे तयार ठेवायची. दुसऱ्या दुपारी घोटणे, दुमडणे, मजकूर, सजावट, याच क्रमाने.

मजकूर सजावटीच्या आधी का, हे सांगायला हवे. सजावट झाली की मुले दमलेली असतात, आणि मग आतल्या पानावर कोणीतरी सांगितलेले ‘ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची जावो’ उतरवले जाते. आधी लिहायला बसवले तर ‘आजी, तू चकल्या कधी करणार, मी येतोय’ असे वाक्य येते, आणि आजी तेच वाक्य शेजारणीला वाचून दाखवते. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि मोठ्यांनी शब्द न बदलता लिहावे. खाली नाव मात्र मुलानेच काढावे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे असेल तर ते शाळेच्या वहीत सुधारता येईल, इथे मी ते तसेच ठेवते. गेल्या वर्षी रात्री कार्डे पूर्ण करणाऱ्या आयांनाही मी हेच सांगेन: अर्धवट रंगवलेली पणती तशीच पाठवावी.

टपालासाठी ११४ बाय १६२ मिलिमीटरचे पाकीट ए६ कार्डाला बरोबर येते. २०० जीएसएमचे कार्ड जेमतेम सव्वासहा ग्रॅमचे, त्यावर गोल कागद आणि पाकीट मिळूनही वजन साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसते; पण टिकल्या, बटणे, मणी लावले तर पाकीट फुगते आणि शिक्का मारताना फाटते, म्हणून तशी कार्डे हातोहात द्यायची ठरवावीत. पत्ता मुलाने लिहावा, पिनकोड मोठ्यांनी तपासावा, आणि दिवाळीच्या गर्दीचा विचार करून वसुबारसेच्या निदान दहा दिवस आधी पाकिटे पेटीत पडतील असे पाहावे.